शिरस्त्राण सायकलस्वाराला, लगाम कोणाला?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. ४०० किलोमीटरांहून अधिक लांबीचा मार्ग होता आणि स्पर्धक देशोदेशींहून आले होते. कष्टाचा आणि कौशल्याचा हा खेळ आहे. त्याचे पुणेकरांनी कौतुक केले, यात गैर काहीच नव्हते. प्रत्येक स्पर्धकाच्या डोक्यावर शिरस्त्राण होते. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ते २००३ पासून सक्तीचे केले आहे. त्या वर्षीच्या मार्चमध्ये पॅरिस–नीस शर्यतीत कझाखस्तानचा आंद्रेई किविलेव्ह पडला आणि डोक्याच्या दुखापतीने मरण पावला, तेव्हा कित्येक वर्षे रेंगाळत पडलेला हा नियम अखेर अमलात आला.

परंतु या शर्यतीच्या सुरक्षिततेची मुख्य मदार शिरस्त्राणावर नव्हती. स्पर्धक येण्यापूर्वी मार्गावरचे खड्डे बुजवले गेले, रस्त्यांवर नवे डांबर पडले आणि शर्यत चालू असताना त्या रस्त्यांवरची मोटार वाहतूक थांबवण्यात आली. सायकलवरचा माणूस सुरक्षित कसा राहतो, हे शासनाला ठाऊक नाही, असे म्हणण्याची सोय आता कोणालाच उरलेली नाही. ते शासनाला चांगलेच ठाऊक आहे. प्रश्न एवढाच की, हे ज्ञान पाहुण्यांसाठी वापरायचे आणि हडपसर किंवा भोसरीच्या कामगारासाठी मात्र विसरायचे, असे का?

शर्यत संपली, थांबवलेल्या मोटारी परत आल्या आणि लोकांच्या मनात राहिले ते हेल्मेट. सायकलस्वारांनाही आता हेल्मेट सक्तीचे करावे, निदान शाळांनी आणि कारखान्यांनी तरी तसा नियम करावा, असे सद्भावनेने बोलणारे पुष्कळ लोक आपल्या भोवती आहेत. आपल्या कार्यकर्त्यांतही आहेत. सायकलच्या अपघाताचे वृत्त आले की पहिला प्रश्न 'हेल्मेट होते का?' हाच असतो. मोटारीचा वेग किती होता, हा प्रश्न दुसराही नसतो. म्हणून या विषयावर पक्षाची भूमिका स्पष्ट असणे अगत्याचे आहे.

प्रथम एक घोटाळा दूर करावयास हवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ हे स्वयंचलित दुचाकीवर बसणाऱ्यांसाठी आहे. सायकलला ते लागू नाही. मोटारसायकलस्वाराने हेल्मेट घातलेच पाहिजे, याबद्दल आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. १ जानेवारी २०१९ पासून पुणे पोलिसांनी हा कायदा कडकपणे राबवावयास आरंभ केला, तेव्हा हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती उभी राहिली आणि बिनहेल्मेटचे मोर्चे निघाले. पुणेरी बाण्याचे त्या वेळी फार कौतुक झाले. स्वतः इंजिनावर बसून ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याने आपल्या केसांची आणि मानेची सबब सांगावी आणि तिला नागरी स्वातंत्र्याचे नाव द्यावे, यात आम्हांला कोणताही पुरोगामी आशय दिसला नाही. २०२२ साली देशाच्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक स्वयंचलित दुचाकींवरची होती. त्या बाबतीत वाद संपलेला आहे.

सायकलची गोष्ट निराळी आहे, आणि ती निराळी का, हे समजण्यासाठी हेल्मेट काय करते ते पाहिले पाहिजे. सायकलचे हेल्मेट म्हणजे पातळ कवचाखाली थर्माकोलच्या जातीचा टणक फेस. आपटल्यावर तो चेपतो आणि आघाताचा काही भाग स्वतःत जिरवतो. युरोपातील प्रचलित मानकानुसार त्याची कसोटी घेतात ती सपाट ऐरणीवर, सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटर वेगाने आपटून. सुमारे दीड मीटर उंचीवरून पडल्यास डोक्याला येतो तो हा वेग. खड्ड्यात चाक अडकून, ओल्या रस्त्यावर घसरून किंवा तोल जाऊन पडणाऱ्याला हेल्मेटचा निश्चित उपयोग आहे. ६४ हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात हेल्मेट घालणाऱ्यांना डोक्याची गंभीर इजा होण्याचे प्रमाण सुमारे दोनतृतीयांशाने कमी आढळले. हे नाकारण्याचे काहीच कारण नाही. ज्याला परवडते त्याने ते घालावे; मुलांना तर घालावेच. शास्त्राशी भांडून कामगारांचे हित साधत नसते.

परंतु डंपरच्या मागल्या चाकाखाली आलेल्या माणसाला हे हेल्मेट काय करणार? वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे शालेय पदार्थविज्ञान आहे. ताशी साठ किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीपुढे आणि खडी वाहणाऱ्या वाहनापुढे त्या फेसाच्या दोनतीन सेंटिमीटरांनी टिकाव धरावा, अशी अपेक्षा ते बनवणाऱ्यानेही कधी केलेली नाही. ज्या धोक्यामुळे पुण्यातील आईबाप आज मुलाला सायकलवर शाळेत पाठवायला धजत नाहीत, तो धोका तोल जाण्याचा नाही. तो मोटारीचा आहे. धोका एका जातीचा आणि उपाय दुसऱ्या जातीचा, अशी ही गल्लत आहे.

कामगार चळवळीला ही गल्लत नवी नाही. ब्रिटनमध्ये १८४४ च्या कारखाना कायद्याने गिरण्यांतील धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याचे बंधन मालकांवर आले. तोवर पट्ट्यात हात सापडून मेलेला कामगार 'निष्काळजी' ठरत असे. मालकांनी हे बंधन मुकाट्याने मानले नाही. १८५५ साली त्यांनी एक संघटना काढली आणि कुंपणाच्या सक्तीविरुद्ध लढा मांडला. खर्च फार येतो आणि अपघात मजुराच्या गाफीलपणानेच होतात, असा त्यांचा सूर होता. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकातून या संघटनेची यथेच्छ टर उडवली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ मध्ये यंत्राला कुंपण घालण्याची जबाबदारी निःसंदिग्धपणे कारखानदाराची ठरली. औद्योगिक सुरक्षेच्या शास्त्राचा क्रमही आज तोच आहे. आधी धोका नाहीसा करा. तो होत नसेल तर माणूस आणि धोका यांच्यामध्ये आडोसा घाला. आणि हे सर्व करून जे उरेल त्यासाठी टोपी, चष्मा, हातमोजे द्या. टोपीपासून आरंभ करणारा व्यवस्थापक हा पैसे वाचवणारा व्यवस्थापक असतो, हे युनियनच्या कोणत्याही जुन्या कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही.

शहराचा रस्ता हा असाच एक कारखाना आहे. त्यात लाखो यंत्रे एकाच वेळी फिरत असतात, त्यांना कुंपण नाही, वेगावर नियंत्रण नाही, आणि त्यांच्यामधून कामगाराला दिवसातून दोनदा जावे लागते. तेथे महापालिका आणि पोलीस त्याला म्हणणार, टोपी घाल. त्याने ती घातली तर यंत्राला कुंपण घालण्याची निकड संपली. नाही घातली तर मेल्यावर तो निष्काळजी ठरला. दोन्ही बाजूंनी सुटका होते ती रस्त्याच्या मालकाची.

पुण्याने ही स्थिती स्वतः निर्माण केली, आणि तीही एका पिढीच्या आत. हे शहर सायकलींचे शहर म्हणून देशभर ओळखले जात असे. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची किंवा पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा लोंढा निघे. कॅरियरला डबा, हँडलला पिशवी आणि अंधार पडल्यावर डायनमोचा मिणमिणता दिवा. पेठापेठांतून तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने होती. गावाकडून शिकायला आलेला मुलगा शहर पाहत असे ते या भाड्याच्या सायकलवरून. प्राध्यापक, शिपाई, परिचारिका, पुढारी हे सारे एकाच वाहनावर असत. पोलीस अडवत ते दिवा नाही म्हणून किंवा डबलसीट म्हणून. डोक्यावर काय आहे, हे कोणी विचारीत नसे. अपघात त्या काळी होत नव्हते असे नाही. पण सायकल चालवणे हे धाडस आहे, असे कोणाला वाटत नसे. आज वाटते. या पन्नास वर्षांत माणसाची कवटी पातळ झालेली नाही.

१९७२ हे वर्ष या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. आकुर्डीच्या बजाजची चेतक त्या वर्षी आली आणि फिरोदियांची लुनाही त्याच वर्षी आली. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहणारी कुटुंबे त्यानंतर घरोघर दिसू लागली. ज्या शहराने देशाला स्कूटर दिली त्या शहराच्या रस्त्यांवरून सायकल हटत जावी, हा योगायोग म्हणता येणार नाही. पण त्यासाठी स्कूटर घेणाऱ्या कारकुनाला वा फिटरला दोष देण्यातही अर्थ नाही. शहर हिंजवडी, वाघोली, उंड्री, चाकणपर्यंत पसरले. घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला गेले. बससेवा या पसरण्याच्या मागे लंगडत राहिली. २००७ साली दोन्ही शहरांच्या बससेवा एकत्र करून महामंडळ झाले, तरी ती पुरेशी कधीच झाली नाही. अशा स्थितीत वीस किलोमीटरवरच्या कारखान्यात सकाळची पाळी गाठणाऱ्या माणसाने हप्त्याने मोटारसायकल घेतली, तर तो चैन करीत नव्हता. २०१८ साली परिवहन कार्यालयाच्या नोंदींतील वाहने ३६ लाखांवर गेली आणि शहरातील माणसांपेक्षा वाहने अधिक झाली, अशी बातमी छापून आली. काही ठिकाणी ती अभिमानाने छापलेली होती.

या काळात सायकलसाठी काहीच झाले नाही, असे मात्र महापालिकेला म्हणता येणार नाही, आणि ती तसे म्हणू देणारही नाही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातील पहिल्यांपैकी एक जलद बसमार्ग सुरू झाला आणि त्याच्या कडेने सायकल ट्रॅक आखले गेले. ते ट्रॅक ज्याने पाहिले आहेत त्याला वर्णनाची गरज नाही. मध्येच विजेचा खांब, पुढे झाकण नसलेले चेंबर, त्यापुढे उभ्या केलेल्या मोटारी, आणि चौक आला की ट्रॅक अंतर्धान पावलेला. म्हणजे जेथे धोका सर्वाधिक तेथे संरक्षण शून्य. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. शेकडो किलोमीटरांचे जाळे, चौकांची रचना, सायकलतळ, स्वतंत्र कक्ष, सारे काही त्यात होते. 'परिसर'सारख्या संस्थांनी अशा धोरणांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला होता. त्याच महिन्यात औंध आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकलींची योजना मोठ्या थाटात सुरू झाली. चारपाच कंपन्या रंगीबेरंगी सायकली घेऊन उतरल्या आणि दोनतीन वर्षांत बहुतेकींनी गाशा गुंडाळला. सायकली मोडक्या स्थितीत कोपऱ्याकोपऱ्यांत पडून राहिल्या. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, ते चांगले झाले, परंतु शहर म्हणजे जंगली महाराज रस्ता नव्हे. त्यानंतरचा पैसा कोठे गेला, ते पाहायला अंदाजपत्रक उघडण्याचीही गरज नाही. मान वर केली की उड्डाणपूल दिसतात.

आता सायकलवर उरले कोण? एक वर्ग रविवारी पहाटे सिंहगडाकडे किंवा लोणावळ्याकडे निघतो. त्याच्या डोक्यावर उत्तम हेल्मेट असते, अंगात चमकदार जाकीट असते आणि सायकलची किंमत कित्येकदा मोटारसायकलीहून अधिक असते. या मंडळींची आम्ही टिंगल करणार नाही. शहरात सायकलीबद्दल जे थोडेफार बोलले जाते त्याचे श्रेय बरेचसे त्यांना आहे. दुसरा वर्ग वर्तमानपत्रांत कधी येत नाही. रात्रपाळी संपवून परतणारा सुरक्षारक्षक, मजूर अड्ड्यावर थापी आणि ओळंबा घेऊन पोहोचणारा गवंडी, पहाटे दूध आणि पेपर टाकणारा पोऱ्या, सोसायट्यांतून गाड्या पुसणारा, धार लावणारा. यांना कोणी 'सायकलप्रेमी' म्हणत नाही. ते सायकल चालवतात कारण बसचे भाडे रोजच्या रोज परवडत नाही, किंवा त्यांच्या वेळेला बसच नसते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सुमारे निम्म्या कुटुंबांकडे सायकल होती आणि मोटारगाडी सुमारे आठ टक्क्यांकडे. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योगांबाहेरच्या कामगारांपैकी सुमारे १३ टक्के कामावर सायकलने जात होते आणि त्याहून कितीतरी अधिक पायी. २०२२ साली मेलेल्या सायकलस्वारांची सरकारी संख्या साडेचार हजारांच्या वर होती. ही माणसे बहुतांशी याच दुसऱ्या वर्गातली असणार, हे सांगायला संशोधकाची आवश्यकता नाही.

सायकल सुरक्षिततेचे समाजमनातले चित्र मात्र पहिल्या वर्गाचे आहे. सुजाण सायकलस्वार म्हणजे हेल्मेटवाला, आणि उघड्या डोक्याचा तो बेजबाबदार, अशी समजूत त्यातून रुजते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन पाहणीतून तर याहून विचित्र गोष्ट दिसली. हेल्मेट किंवा चकाकणारे जाकीट घातलेला सायकलस्वार लोकांना साध्या वेशातल्या सायकलस्वारापेक्षा 'कमी माणूस' वाटतो. एका पाहणीवर इमला रचू नये, हे खरे. पण सुरक्षेची साधने अंगावर चढली म्हणजे रस्त्यावर आदर वाढतो, हा समज त्यामुळे डळमळतो खास.

सक्ती केली की काय होते, याचे दाखले जगात आहेत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने जुलै १९९० मध्ये सायकल हेल्मेटची सक्ती केली. असा कायदा करणारे ते जगातील पहिले राज्य. डोक्याच्या इजा तेथे घटल्या, परंतु मेलबर्नमधल्या मोजणीत किशोरवयीन मुलांचे सायकल चालवणेही मोठ्या प्रमाणात घटलेले आढळले. इजांतली किती घट हेल्मेटमुळे आणि किती सायकल सोडल्यामुळे, यावर तज्ज्ञांचे रण अद्याप चालू आहे. मेक्सिको सिटीने २०१० मध्ये असा नियम मागे घेतला. अमेरिकेतील सिएटल शहराचा समावेश असलेल्या किंग परगण्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो रद्द केला, आणि त्यामागचे कारण आपण नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. पोलीस या नियमाखाली पकडत होते ते प्रामुख्याने बेघरांना आणि कृष्णवर्णीयांना. कायदा सर्वांसाठी एकच होता. शिटी मात्र निवडून वाजत होती. आपल्या चौकात ती कोणासाठी वाजेल? रविवारच्या सायकलस्वाराकडे हेल्मेट असतेच. दंडाची पावती फाटेल ती गवंड्याच्या नावाने, आणि पावती फाडायची नसेल तर काय होते, ते वाचकांना ठाऊक आहे.

नेदरलँड्सची वाट निराळी होती. त्या देशात सायकलवर हेल्मेट घालणारे आजही थोडेच आहेत, आणि तरीही सायकल चालवण्यास तो जगातील सर्वांत सुरक्षित देशांपैकी एक आहे. हे निसर्गतः घडलेले नाही. १९७१ साली तेथील रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ज्याची लहान मुलगी अशा अपघातात गेली होती, त्या फिक लांगेनहोफ या पत्रकाराने 'बालहत्या थांबवा' अशा मथळ्याचा लेख लिहिला आणि त्यातून त्याच नावाची चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा मार्ट्ये फान पुटेन पुढे मजूर पक्षाच्या वतीने युरोपीय संसदेत निवडून गेल्या. आईबाप मुलांसह रस्त्यात बसले, त्यांनी गल्ल्या मोटारींना बंद केल्या आणि संसदेपर्यंत मोर्चे नेले. मुलांच्या डोक्यावर काय घालावे, असे त्यांनी विचारले नाही. मोटार येथे का येते, असे विचारले. वेगळे सायकलमार्ग, अरुंद केलेल्या गल्ल्या आणि वेगमर्यादा या सर्व गोष्टी त्या संघर्षातून आल्या.

सायकल हे समाजवाद्यांना परके वाहन नाही. ब्रिटनमधील 'क्लॅरियन' या समाजवादी साप्ताहिकाच्या वाचकांनी १८९४ साली सायकल क्लब काढला आणि सायकलींवरून पत्रके वाटत खेडी पालथी घातली. आपल्याच देशात १९९१ च्या सुमारास तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. मैलोन्‌मैल पाणी वाहणाऱ्या, नवऱ्याच्या वा बसच्या मेहेरबानीवर अवलंबून असणाऱ्या त्या बाया स्वतःच्या पायांवर बाजाराला जाऊ लागल्या. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात आणि त्यामुळे कित्येकींची शाळा टिकते. अशा मुलीला सायकल मिळाली, आणि पाठोपाठ हेल्मेट नाही म्हणून शाळेच्या फाटकात अडवणारा नियम आला, तर शाळा सुटेल की नियम?

सक्तीचा आणखी एक परिणाम आहे, तो फारसा कोणी बोलत नाही, आणि आमच्या दृष्टीने तो सर्वांत गंभीर आहे. मोटारसायकलच्या अपघातात भरपाईचा दावा दाखल झाला की विमा कंपनीचे वकील 'हेल्मेट नव्हते' हा मुद्दा काढून मृतालाच अंशतः दोषी ठरवू पाहतात. सायकल आज या तडाख्यातून बाहेर आहे, कारण तिच्या बाबतीत कायद्याचे बंधनच नाही. ते आणले की मेलेल्या सुरक्षारक्षकाच्या विधवेला न्यायाधिकरणात तोच प्रश्न विचारला जाईल. ठोकून पळून गेलेल्या वाहनाचा शोध लागला नाही तर एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर इजेबद्दल पन्नास हजार रुपये मिळतात; एका कमावत्या माणसाची शासनाने केलेली ही किंमत. तीतूनही काही कापायला निमित्त मिळू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत घर ते काम या प्रवासातला अपघात, विशिष्ट अटींवर, कामावरचा अपघात मानण्याची तरतूद आहे. बाकीच्या संहितांना आणि या संहितेच्याही पुष्कळ भागाला आमचा विरोध कायम आहे, परंतु ही तरतूद वापरण्याजोगी आहे. सायकलवर मेलेल्या कंत्राटी कामगाराच्या घरी जाणाऱ्या कार्यकर्त्याला ती ठाऊक असली पाहिजे. मालकाने उद्या हेल्मेटचा लेखी नियम काढला आणि तो मोडला म्हणून जखमी कामगाराची भरपाई अडवली, तर काय करायचे, याचाही विचार युनियनने आताच करावा. मालकाला कामगाराने हेल्मेट घालावे असे वाटत असेल, तर ते त्याने स्वखर्चाने, पगारातून न कापता द्यावे. त्याला आमची हरकत नाही.

रस्त्यावर कोण मरतो आणि कोण सुटतो, हे पुण्याने अलीकडे दोनदा उघड्या डोळ्यांनी पाहिले. १९ मे २०२४ रोजी पहाटे कल्याणीनगरात भरधाव पोर्श मोटारीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. ती चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींत अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध होता. पुढे लोकक्षोभानंतर चक्रे फिरली, ती निराळी हकीकत. त्याच वर्षी डिसेंबरात वाघोलीत केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या बांधकाम मजुरांवर मध्यरात्री डंपर चढला. तिघे मेले, त्यांत दोन लेकरे होती. अमरावतीकडून कामाच्या शोधात आलेली ती कुटुंबे होती. झोपलेल्या लेकराला कोणते शिरस्त्राण द्यायचे होते?

आपल्यातलेच काही जण म्हणतील की, सायकलमार्ग मागणे म्हणजे पदपथावरच्या हातगाडीवाल्याला हुसकायला महापालिकेच्या हाती आयते कोलीत देणे. ही भीती निराधार नाही. अतिक्रमणाची कारवाई आरंभी नेहमी गरिबावरच होते. परंतु सायकल ट्रॅक पायी हिंडून पाहा. तो अडवलेला असतो मुख्यतः उभ्या मोटारींनी. भाजीवाली चार फूट जागा घेते, आणि रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला सेवा देते. मोटार त्याहून किती तरी अधिक जागा दिवसभर फुकट अडवते आणि कोणाच्याही कामी येत नाही. सायकलमार्गाची मागणी मोटारींच्या फुकट पार्किंगवर रोखली पाहिजे, आणि ती पथारीवाल्यांच्या संघटनांना बरोबर घेऊनच केली पाहिजे. पूर्वी ती तशी केली गेली नाही, म्हणूनच ती सुखवस्तू लोकांची मागणी ठरत आली.

मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या पुणे महापालिकेची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये अखेर झाली. म्हणजे जाब विचारायला आता नगरसेवक आहेत. प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे लेखी विचारणा करावी: २०१७ च्या मंजूर आराखड्यातील कोणते सायकलमार्ग या प्रभागात होते, त्यांपैकी किती झाले आणि उरलेल्यांसाठी यंदा किती तरतूद आहे? शाळांच्या आणि वस्त्यांच्या रस्त्यांवर ताशी तीस किलोमीटरची मर्यादा मागावी. २०२० च्या स्टॉकहोम परिषदेत जगातल्या सरकारांनी ती मान्य केलेली आहे, तेव्हा ती मागण्यात आपण काही जगावेगळे करणार नाही. शाळा भरण्या-सुटण्याच्या आणि पाळी बदलण्याच्या वेळी डंपर आणि काँक्रीटच्या गाड्यांना बंदीचे आदेश असतात ते पाळले जातात का, याची नोंद चौकात उभे राहून घ्यावी. भोसरी, चाकण, हडपसरच्या साथींनी पहाटेच्या पाळीला कारखान्याच्या फाटकावर सायकली मोजाव्यात, त्या ठेवायला छप्पर आहे का ते पाहावे, आणि येणाऱ्याला विचारावे की कोणत्या चौकाची त्याला भीती वाटते. त्या चौकांची नावे आमच्याकडे पाठवावीत. ती या पानावर, प्रभागाच्या क्रमाने, छापली जातील आणि त्यांची यादी महापालिका आयुक्तांकडे आणि वाहतूक शाखेकडे नेली जाईल.